मंदाच्या हातचं ताक

९ एप्रिल
पुण्याहून सोनीचा फोन. तिच्या आईच्या, आमच्या मंदाच्या डोक्यातली गाठ काढली, तिचा रिपोर्ट आला. वाईट जातीची हाय. पोरगी प्रयोगशाळेत अशाच गाठींवर काम करते, तरी सांगताना रडली. म्हणाली, काही गाठींत एका विषाणूची प्रथिनं सापडतात, काहींत न्हाई. ती गाठ वाढवतात का नुसतीच बसून असतात, "तेच शोधून राहिलो बाबा. नक्की काहीच न्हाई."
लेकीचा लई अभिमान वाटला. चौकातल्या हॉटेलात चहा पिता पिता सगळ्यांना सांगितलं.

१२ एप्रिल
सकाळचं ताक तसंच पडून. ताक विकायचं न्हाई, वाटायचं, हा मंदाचा नेम. रोज शेजारच्या बाया तांब्या घेऊन येतात. डोक्याला फडकं बांधून, टाके दुखत असताना घुसळलं बिचारीनं. तीन दिवस एकबी बाई न्हाई.
"काहून येईनात हो?"
उद्या विचारून येतो म्हटलं.

१३ एप्रिल
शेजारच्या धुरपदाबाईला गाठलं. "गुरुजी, तुमीच म्हन्लात ना हॉटेलात, मंदाबाईच्या डोक्यात व्हायरस हाय!"
पस्तीस वर्षं शाळा शिकवली आणि अर्धंच सांगून आलो. हात तिच्या! घरी येऊन हिच्यापाशी कबूल केलं. आधी हसली, टाक्यांवर हात धरून. मग रडली. "माझ्या हातचं नको झालं व्हय लोकांना?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

१६ एप्रिल
ओट्यावर बाया जमवल्या, सोनीला व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपून असतो. माझ्यातबी असंल. ताकानं गाठ होत न्हाई."
एकजण कपाळ चाचपत, "म्हंजे आमच्याबी डोक्यात?"
घ्या! आता अख्खी गल्ली डोकं धरून बसली. ही पदराआड हसून राहिली. किती दिवसांनी.

२० एप्रिल
उद्यापासून नांदेडला किरणांचा शेक सुरू. सोनी म्हणते, बघू. मी पुढचं विचारत न्हाई.
धुरपदाबाई आली, तांब्या घेऊन. नजर खाली. हिनं काठोकाठ भरला, वर लोण्याचा गोळा. ती भिंतीपलीकडं गेली अन् मी कान लावून उभा, पिते का ओतते.
"आत या," ही हळूच म्हन्ली. "तिला लाज वाटंल."