दसऱ्याच्या मुहूर्तावर अपग्रेड

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दुकानातल्या कॉम्प्युटरची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूची माळ. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकणार. शामला म्हणाली, चालत्या गाडीला खीळ कशाला? बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही. समोरचा धुळाप्पा अजून जुन्या डबड्यावरच लग्नपत्रिका छापतो. उमरग्यात पुढारलेला माणूस एकच. नाव लिहीत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
नारळ फोडून बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, कॉम्प्युटर बंद करू नका. मी केलाच नाही. लाईट गेली.

४ ऑक्टोबर
सुरू झाला! झकास दिसतो. आवाज येत नाही, पण पत्रिका कुठं गातात? प्रिंटर ओळख दाखवत नाही. दाखवेल.
जळकोटहून धाकटी बहीण कमलबाई आली. सोनालीचं लग्न ठरलं. म्हणाली, दादा, पयली पत्रिका चौदा तारखेला, मंगळवारी, तुळजापूरला आईपुढं ठिवायची. मामाच्याच हातची पायजे. एकुलती भाची. म्हणालो, तू पेढे आण, पत्रिका झालीच समज.

७ ऑक्टोबर
पत्रिकेचा जुना नमुना उघडला. मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि कंस. जुना फॉन्ट नव्या सिस्टीमला चालत नाही म्हणे. नवरदेवाचे सगळे चुलते चौकोनात. ज्याचा चौकोन लहान, तो मांडवात रुसणार.
काळजी नाही. जुन्या सिस्टीमचा बॅकअप आहे.

८ ऑक्टोबर
बॅकअप त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. घरातली वस्तू घरातच बरी, असं वाटलं होतं. नवी सिस्टीम टाकताना पुसला गेला.

१० ऑक्टोबर
दोष सापडला. शामलानं कीबोर्डवर हळद जास्त टाकली. ती म्हणाली, पूजा तुम्हीच केली होती. कीबोर्ड पुसून ठेवला.
कमलबाईचा फोन. पत्रिकेवर शेवटचा हात फिरवतोय म्हणालो. खोटं नाही. सकाळपासून कॉम्प्युटरवरून हातच फिरवतोय.

१२ ऑक्टोबर
पुन्हा फोन. दादा, हुईत नसंल तर सांगा, पर आईपुढं मोकळ्या हातानं जायाची न्हाय. लई वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. उद्या काहीही करून.

१३ ऑक्टोबर
सहज म्हणून धुळाप्पाकडं गेलो. तोच जुना फॉन्ट, तसलाच प्रिंटर. पत्रिका मी स्वतः टाइप केली. चुलते सगळे मानानं बसले. सोनालीचं नाव इतकं देखणं आलं की डोळे भरून आले. मामाच्या हातचीच झाली, खुर्ची कुणाची का असेना.
शटर अर्धं ओढून घे म्हणालो, तर धुळाप्पानं होतं तेही पूर्ण वर केलं. तेवढ्यात नारायणराव गुरुजी आले, माझं जुनं गिऱ्हाईक. विचारलं, गौरीशंकर, तुम्ही इथं? मी टेक्निकल कारण सांगणार होतो. त्याआधीच धुळाप्पा म्हणाला, नवा माणूस ठिवलाय गुरुजी. हात बरा हाय, शिकंल हळूहळू.