मरियामातेच्या पायाखालचं पाणी

निर्मळ, शुक्रवार दुपार

प्रिय जीना,

कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणातली ती पत्र्याची बादली तुला आठवते का? सिस्टर इझाबेलच्या गुलाबांना पाणी घालायची पाळी आपली होती, आणि विहिरीपासून गुलाबांपर्यंत पोचेस्तोवर अर्धं पाणी आपल्या मोज्यांत. शेवटी तू बादली रिकामी करून डोक्यावर उपडी धरलीस, उन्हाकडे तोंड केलंस आणि आतून ओरडलीस, "टिल्डा, इथे एक चांदणी आहे!" त्या चांदणीत तू डब्यातला पाव आणि चर्चमधल्या ईस्टरच्या, पास्काच्या मेणबत्तीचं मेण मळून भरलंस. पाणी थांबलं. मेण कुठून आणलं असं सिस्टरनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, देवाने दिलं. (शिक्षा मात्र दोघींना झाली.)

तर, कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? तुळिंजच्या तुझ्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की अजून भाजीची पिशवी दोरीने वर ओढतेस? आम्ही देवदयेने बरे आहोत, निदान रविवारपर्यंत तरी. फोन न करता पत्र लिहितेय, कारण मी फोन घेतला की सिप्रियन शेजारी येऊन बसतो, आणि नवऱ्यासमोर नवऱ्याच्या बोटीबद्दल खरं बोलण्याइतकी मी अजून धीट झालेले नाही. माझा भाचा केनी टेम्पो घेऊन तुमच्याकडे येतोच आहे, त्याच्याबरोबर हे पाठवतेय. सोबत केळी आहेत. ती आधी खा, मग पुढचं वाच.

बोटीबद्दल तुझ्या कानावर आलंच असेल. सॅन्टन देवाघरी गेल्यापासून (सिप्रियनचा जिवलग, तुला ठाऊकच आहे, आमच्या लग्नात बँडच्या पुढे नाचला होता तो) सिप्रियन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसला तो उठेचना. भांडायचा नाही, जेवणाला नावं ठेवायचा नाही, आणि सकाळी दाढी करताना शीळ घालायचा तीही बंद झाली. घर इतकं शांत झालं की केळीचं पान फाटलेलं ऐकू यायचं. मग अर्नाळ्याकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि त्यांनी आपली जुनी जेट बोट विकायला काढली. आमच्या सात पिढ्या केळी आणि फुलं लावण्यात गेल्या, समुद्रात घोट्याच्या वर कोणी गेलेलं नाही, आणि हा माणूस संध्याकाळी टेम्पोमागे बोट बांधून घरी आला. "हिला बाहेर पंखा नाही, टिल्डा," मला समजावून सांगतो, "पोटाखालून पाणी ओढते आणि मागून फेकते. सॅन्टन आणि मी अर्नाळ्याच्या किल्ल्याला चक्कर मारणार होतो." मी चांगलं मोठं भांडण तयार ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्याने शीळ घातली आणि मी ते गिळलं.

फादर आले, बोटीवर तीर्थ शिंपडलं, शेजाऱ्यांना केक वाटला. सिप्रियनने तर बोटीच्या नाकात, खाली तळाशी, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात मरियामातेची वेदी बसवली. सागवानी पाट, त्यावर निळ्या झग्यातली माता, पुढे प्लास्टिकची फुलं. घट्ट बसवलीय, वादळातही हलायची नाही, असं सगळ्यांना सांगत होता. (हे लक्षात ठेव.)

पहिल्या फेरीला आम्ही पाचूबंदरला गेलो. मी धक्क्यावर, सिप्रियन आणि केनी बोटीत. परत आले तेव्हा दोघांच्या पँटी गुडघ्यापर्यंत ओल्या. तिथे सुकट उलटवत बसलेल्या बाईने मान वर केली. "काय ओ, दर्यातलं पानी घरी नेताव काय?" सिप्रियन हसला. मी नाही हसले.

मग शोध सुरू झाला. सातिवलीला फायबरच्या टाक्या बनवतो त्या विघ्नेशला बोलावलं. तो म्हणाला, जेट बोट नेहमी मागूनच गळते, जिथे पंप बसवलेला असतो तिथे. पद्धत सोपी आहे. बोट अंगणात गाड्यावर ठेवायची, आत पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे थेंब येतो ते बघायचं. सिप्रियनने पाइप लावला, विघ्नेश गोधडी अंथरून खाली झोपला, आणि पंपाच्या कडेला खरोखर एक थेंब आला. त्याने तिथे ठिगळ मारलं. मग संशय आला म्हणून शेजारी दुसरं, आणि हात लागलाच आहे म्हणून तिसरं. बोटीचं बूड आपल्या शाळेच्या नकाशाच्या वहीसारखं दिसायला लागलं.

दुसरी फेरी मी विसरू शकत नाही, जीना. ते खाडीच्या मध्यावर होते आणि इंजिनाचा आवाज थांबला. मला धक्क्यावरून एवढंच दिसत होतं की केनी डब्याच्या झाकणाने पाणी उपसतोय आणि सिप्रियन उभा राहिलाय. त्याला पोहता येत नाही. तो उभा होता आणि बोटीचं नाक हळूहळू खाली जात होतं. मी "नमो मरिया" म्हणायला लागले आणि मधलंच विसरले, पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा विसरले. एका होडीवाल्याने दोर टाकून त्यांना ओढत आणलं. सिप्रियन धक्क्यावर चढला आणि मला म्हणाला, "बघ, मातेने वाचवलं." घरी येऊन मी न्हाणीघरात जाऊन रडले. तो पुन्हा जाणार हे मला माहीत होतं, आणि त्याला अडवलं तर तो पुन्हा त्या खुर्चीत बसणार हेही माहीत होतं. मला नवरा कोरडा हवा होता आणि त्याची शीळही.

काल विघ्नेश चौथं ठिगळ मारायला आला. पुन्हा पाइप, पुन्हा गोधडी. मी पायरीवर शेंगा निवडत बघत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. दर वेळी पाणी मागून चढत चढत पुढे यायचं आणि वेदीच्या जरा अलीकडे पोचलं की सिप्रियन नळ बंद करायचा. गाड्यावर बोटीचं नाक वर, त्यामुळे तेवढा कोपरा कायम कोरडा. मी म्हटलं, पुढेही भरा की. दोघेही माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी चर्चमध्ये, भर मिस्सात शिट्टी वाजवली. "मातेच्या अंगावर पाणी?" सिप्रियन म्हणाला. विघ्नेशनेही कान पकडले. "नको ओ मावशी, आपल्याच्याने नाही होणार."

मी पदर खोचला, मागच्या चाकांखाली विटा सारून नाक खाली करायला लावलं, घरातली तसलीच पत्र्याची बादली भरली आणि मातेची माफी मागून तिच्या पायांवर ओतली. ("माते, तुझ्यासमोर काना गावचं लग्न झालं, पाण्याचा द्राक्षारस झाला, तेव्हाही घागरी भरल्याच होत्या," असं म्हणाले. फादरना सांगू नकोस.) मग त्या गोधडीवर मीच झोपले. चष्म्यावर टप्. पुन्हा टप्. निळ्या रंगाच्या चार ठिपक्यांतून पाणी येत होतं. नखाने रंग खरवडला तर खाली लोखंड. आमच्या माणसाने माता घट्ट बसावी म्हणून पाटाला असे लांब स्क्रू लावले होते की ते बोटीच्या तळातून बाहेर आले. बाहेर आलेली टोकं त्याने कानशीने घासून काढली आणि वर निळा रंग फासला. झग्याला जुळणारा.

तो स्क्रू काढू देईना. म्हणाला, मातेच्या पायाखालून पाणी शिरतं असं म्हणायला तुझी जीभ कशी धजते. जेवला नाही. रात्री रोझरीच्या प्रार्थनेला शेजारी बसला पण माझ्याकडे पाठ करून. आज सकाळी मला विचारतो, "स्क्रू काढले तर तू बोटीत बसशील?" मी घाईत हो म्हणाले. स्क्रू निघाले. विघ्नेशने भोकं रुंद करून घासली, राळ आणि फायबरचं कापड आतून-बाहेरून बसवलं, आता ते उन्हात वाळतंय. बादलीभर पाणी ओतून बघायचं ते उद्या. माता मात्र पुन्हा स्क्रूने बसवायची नाही असं ठरलंय, ती माझ्या मांडीवर असणार. सिप्रियन आत्ता बोट पुसतोय आणि शीळ घालतोय.

म्हणून, रविवारी मिस्सानंतर काही झालंच तर: आईचं लाल लुगडं आणि माझी कर्णफुलं सुझानला, लेक आहे, तिचाच हक्क. डिनर सेट नणंदेला, रोवेनाला. ती इतकी वर्षं त्याच्याकडे बघतेय की त्यालाही आता तिचीच सवय झाली असेल. व्हिनेगरच्या लोणच्याची बरणी फादरना. शिवणाचं मशीन तुला. व्हरांड्यातली खुर्ची कोणालाही नको, ती फोडून चुलीत घाला.

तुझी,
टिल्डा

ता. क. तुझा गुडघा पाण्यात दुखत नाही असं तूच म्हणाली होतीस. आमच्या विहिरीत वरच्या कठड्यावरून उडी मारून पोहणारी अख्ख्या वर्गात तू एकटी. बोटीत मागची एक जागा रिकामी आहे. सिप्रियनला मी सांगितलंय की जीनाला किल्ला बघायचाय. ये ना गं.

ता. क. पुन्हा. पाणी उपसायला बादली मी घेतलीय. उन्हाकडे धरून बघितली, चांदणी नाही. आणि तू येणार असलीस तर शिवणाचं मशीन तुझ्या नावावर ठेवून उपयोग नाही. ते रोवेनाला. डिनर सेट मग सुझानला, दोन्ही एकटीला कशाला.