दोन लाटांमधले अंतर

सोमवार, ता. ३
आज बंदराच्या चौकीवर निरीक्षक म्हणून रुजू झालो. चौकीची खोली वाटली होती त्यापेक्षा खूपच चांगली निघाली. तीन बाजूंना खिडक्या, एक टेबल, एक खुर्ची, पितळी दुर्बीण. भिंतीवरचे घड्याळ अर्धे मिनिट पुढे होते, ते आधी नीट लावले. बाहेर खांबावर फलक अडकवायचा आकडा आहे. हिरवा लावला की छोट्या होड्यांनी समोरच्या बेटाकडे निघायचे, तांबडा लावला की नाही. अकरा मैल उघडे पाणी, तीन तासांची वाट, मध्ये कुठे आसरा नाही. कोणता फलक लावायचा ते मी ठरवायचे! आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे काम का दिले, तर बंदराचे साहेब म्हणाले की एवढ्या अर्जांत तुझ्याच अर्जात एकही चूक नव्हती. हे श्रेय ताईचे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकले की कान पिरगाळला. ताईला त्या बेटावरच दिली आहे. तिला आठवा महिना लागला आहे. डॉक्टर इकडे असल्यामुळे महिनाअखेर तिला इकडे आणायचे आहे. त्या दिवशीचा हिरवा फलक मी स्वतः पुसून लावणार.

संध्याकाळी होडीवाल्यांचा म्होरक्या भेटायला आला. आवाजावरून सगळे त्याला भोंगा म्हणतात. म्हणाला, अकरा दिवस समुद्र ताटातल्या पाण्यासारखा पडून होता, औषधाला लाट नाही. तुम्ही खुर्चीत टेकलात आणि पहिली लाट पायरीला लागली. साहेब, पायगुण पायगुण म्हणतात तो हाच! मी खूप हसलो.

मंगळवार, ता. ४
भोंग्याने काम शिकवले. आधी क्षितिज पाहायचे. पट्टीने आखल्यासारखे सरळ दिसले तर ठीक. करवतीसारखे दातेरी दिसले तर बाहेर लाटा मोठ्या आहेत, किनारा कितीही गरीब दिसो. मग वारा आणि प्रवाह. दोघे एका दिशेने चालले असतील तर पाणी निवते, समोरासमोर आले तर लाट उभी राहते. मग खडकाजवळच्या खांबावर दहा लाटा मोजायच्या आणि लागलेल्या सेकंदांना दहाने भागायचे. दोन लाटांमधले अंतर पाच सेकंद असेल तर होडी आरामात चढते आणि उतरते. तीनच्या खाली गेले तर पहिलीवरून उतरायच्या आत दुसरी होडीत येते. शेवटी वीस मिनिटे नुसते बसून राहायचे, कारण मोठ्या लाटा दोघी-तिघी मिळून येतात. भोंगा म्हणाला, समुद्राला उतावळा नवरा चालत नाही.
आजचे अंतर साडेचार. दोनदा मोजले. हिरवा. तीन होड्या गेल्या, तिन्ही परत आल्या.

शनिवार, ता. ८
माझ्या आधीचे निरीक्षक एकोणीस वर्षे या खुर्चीत होते. लोक त्यांना थंडोबा म्हणत. त्यांच्या पत्नी चौकीच्या खालच्या मजल्यावर राहतात. मी त्यांना काकू म्हणतो, माझे जेवणखाण त्याच पाहतात. आज थंडोबांच्या वह्या चाळल्या. सहा, सहा, साडेपाच, सहा. एकोणीस वर्षे हेच. एवढा शिस्तीचा समुद्र कुठे असतो का? माझे आकडे साडेचार, चार, पावणेचार. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मात्र दोन, दोन, दीड असे लिहिले आहे. त्या आठवड्यात दोन होड्या बुडाल्या.
मी काकूंना विचारले की त्या आठवड्यात समुद्राला काय झाले होते. त्या म्हणाल्या, त्यांना धाप लागली होती.
मी समुद्राचे विचारले होते.

मंगळवार, ता. ११
वीस मिनिटांच्या बैठकीत एक गोष्ट लक्षात आली. ती लिहावी की नाही, ठरत नाही. लाट खांबावर चढते तेव्हा माझी छाती भरलेली असते. उतरते तेव्हा मी श्वास सोडत असतो. योगायोग असेल. म्हणून मुद्दाम सावकाश श्वास घेतला. अंतर सहा सेकंद. भरभर घेतला. अडीच.
पुन्हा केले. पुन्हा तेच.

बुधवार, ता. १२
आज श्वास रोखून पाहिला. क्षितिजापर्यंत समुद्र थांबला. पाण्यावर बसलेला पक्षी टेबलावर ठेवल्यासारखा दिसत होता. चाळीसपर्यंत मोजून सोडला. तेव्हा एकच लाट आली आणि चौकीच्या खालच्या तीन पायऱ्या घेऊन गेली. दगडी पायऱ्या. दहापर्यंत रोखला तेव्हा छोटी आली होती. म्हणजे जितके रोखावे तितकी मोठी. पुन्हा रोखायचा नाही.
काकूंना सगळे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. म्हणाल्या, अरे, जो खुर्चीत बसतो त्याचा होतो तो. आमचे हे गेले आणि अकरा दिवस तो कुणाचाच नव्हता. हे कसे, तर घराला आग लागली तरी आधी कपातला चहा संपवतील. म्हणून निवडले होते त्यांना. तुला मात्र मेल्यांनी शुद्धलेखन बघून घेतले. आता तू घाबरायचे नाहीस, एवढेच तुझे काम.
तेव्हापासून मी घाबरलो आहे.

शुक्रवार, ता. १४
लांब गेले तर सुटतो का, ते पाहायला तांबडा लावून बसने डोंगरापलीकडे गेलो. समुद्रापासून चाळीस मैल. दुपारी दोन वाजता बसच्या आडवी गाय आली आणि माझा श्वास भरभर झाला. परत आलो तर भोंगा विचारतो, कुठे होतात, दोन वाजता पाणी एकाएकी पिसाळले, किनाऱ्यालगत जाळे टाकणाऱ्या एकाचे वल्हे गेले, थोडक्यात वाचला. राजीनामा दिला. साहेब म्हणाले, दुसरा माणूस मिळेपर्यंत थांब. काकू म्हणाल्या, कागदाने काय होते, श्वास चालूच आहे ना तुझा.

रविवार, ता. १६
झोप नाही. अंतर तीन. तांबडा. चौथा दिवस.
भोंगा म्हणतो, साहेब, आमच्या चुली विझल्या. पाठीमागे लोक मला भित्रा म्हणतात. खरेच म्हणतात.
भावोजींचा फोन. ताईचे पाय सुजले आहेत, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिकडची सुईण म्हणते, हे माझ्या हातातले नाही, इथे ठेवाल तर दोघेही जातील. मग ताई बोलली. म्हणाली, तिथे तू बसला आहेस, मग मला कसली रे भीती.
फोन ठेवला. अंतर अडीच.

मंगळवार, ता. १८
तोड सापडली. झोपेत माझा श्वास संथ चालतो. काकूंनी खात्री केली, पावणेसहा सेकंद. डॉक्टरांकडून झोपेची गोळी आणली आहे. रात्री घेणार. भावोजींना सांगितले, सकाळी सहाला निघा, काहीही झाले तरी सहालाच. नऊला पोचतील. मला दहापर्यंत उठवू नका, कुणालाही वर सोडू नका, असे काकूंना तीनदा सांगितले. भोंग्याला काय सांगणार? तो हसेल.

बुधवार, ता. १९, सकाळी ८.१५
भोंग्याने उठवले. काकू दूध आणायला गेल्या होत्या. तो आनंदाने जिना चढून आला आणि दार बडवले — साहेब उठा, समुद्र तेलासारखा झाला आहे आणि तुमची ताई निम्म्याच्या वर आलीसुद्धा! त्याची काय चूक.
पुन्हा डोळे मिटले. झोप नाही. गोळी एकच होती.

८.२२
पाच. मोजून घेतो आहे. आत अडीच, बाहेर अडीच. दुर्बिणीत होडी. भावोजी सुकाणूवर, ताई मध्ये, शाल पांघरून.

८.२८
मोजतो म्हणूनच चुकतो. चार. साडेतीन.

८.३३
काकू आल्या. माझ्या छातीवर हात ठेवून बसल्या. दुसरे काहीतरी आठव म्हणतात. सगळे ताईचेच आठवते — दुसरे कोण आहे मला —

८.३६
अडीच. क्षितिज दातेरी. होडी दिसते. दिसत नाही. दिसते. भावोजी पाणी उपसत आहेत. भोंगा खाली ओरडतो आहे, दोर आणा म्हणतो —

८.३८
पावणेदोन. आडवी झाली होडी. दिसत नाही. दिसत ना —
दिसली.

८.३९
रोखला.
थांबला समुद्र. होडी सरळ झाली. इंजिन चालू आहे, इथपर्यंत आवाज येतो. अजून वीस मिनिटे लागतील. वीस मिनिटे.
चाळीस झाले.
काकूंनी हात काढून घेतला. त्या खिडकीकडे बघत नाहीत.
साठ. चाळीसला तीन पायऱ्या गेल्या होत्या —
ताई उभी राहिली आहे. हात हलवते आहे. तिला वाटते मी —
बस ना ताई. खाली बस. धर काहीतरी
नव्वद
अक्षर नीट येत नाही
ताई मी अजून थोडा वे