मोरीतल्या नळाची अर्थिंग

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, अन् आज मला तुमच्याशी नळाबद्दल बोलायचंय. अक्षर नातीचं, बोलणं माझं. मला लिहिता येत नाय, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे कुणीच कुणाला हसायचं कारण नाय.

पडेगावच्या आमच्या घरात मोरीतल्या नळाला हात लावला की मला मुंग्या यायच्या. बाकीच्यांच्या पायात रबरी सपाता, त्यांना काय कळतंय. लेक म्हणाला, "आई, शुगर तपासू." नातसुनेचे दिवस भरत आलेले, ती रोज त्याच नळाच्या पाण्यानं अंघोळ करती, एखाद्या दिवशी सपाता विसरली तर काय, अन् हे माझं रक्त काढायला निघाले. मी हटून बसले. म्हटलं, गिझर बंद करा, तिला गॅसवर पाणी तापवून द्या, तवाच मी घास खाईन.

मुंग्या नाय, हा करंट आहे, हे कळलं ते तुमच्या थपडेमुळं. वैजापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुम्ही मोटारीवर कामाला होता, तिथं मी तुमची भाकरी घेऊन आले होते, असंन आठ-नऊ वर्षांची. मोटारीच्या पत्र्यावर तळवा टेकवायला गेले अन् तुम्ही चार माणसांत कानाखाली दिली. मग माझा हात धरून उलटा केलात. "लोखंडाला पहिलं उलट्या हातानं शिवायचं. करंट असला की मूठ मिटती. सुलट्या हातानं धरलंस तर सुटायची नायस." मी मुसमुसत उभी आहे अन् तुम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात, माती ओली राहावी म्हणून, कळशी ओतताय. आई घरी रोज म्हणती, "ह्यांचं पहिलं पाणी खड्ड्याला, मग बायकोला." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता.

शहागंजातनं वायरमन आणला. त्यानं पाइपावर टिचकी मारली. "अम्मा, पाइप प्लास्टिकचा आहे. ह्या नळाला अर्थिंग लागतच नाय."

"बरं. मग करंट काय पाहुणा म्हणून आलाय?"

त्यानं गिझर चालू करून नळाला टेस्टर लावला, दिवा पेटला, तसा तो गिझर उघडायला लागला. गिझर आतून खराब होऊन करंट पाण्यात उतरत होता. नळाला नसली तरी चालतंय, म्हणाला, पण गिझरच्या पत्र्याला अर्थिंग पाहिजेच. ती धड असती तर करंट जमिनीत गेला असता. मागं जाऊन बघितलं तर भिंतीवरनं खाली येणारी अर्थिंगची तार मातीत जायच्या आधीच तोडलेली.

आता नवा गिझर आहे, तार जमिनीत आहे, अन् नातसुनेला मुलगी झाली. नाक तुमचं आहे, बिचारीचं. साठ वर्षं त्या थपडेचा राग धरला होता, आबा. आज तिचे उपकार मानते.

लेकानं घर बांधणाऱ्या मिस्त्रीला पोटभर शिव्या दिल्या. मी पण मान डोलवली. पण तार मी तोडली होती. उन्हाळ्यात कुरडयांवर साडी बांधायला दोरी कमी पडली, ही नुसतीच मातीत गेलीय असं वाटलं. नात पेन थांबवून माझ्याकडं बघतीय. तिला म्हटलं, एवढं लिही अन् कागद मला दे, तुझ्या बापाच्या हाती लागायला नको.