घरचा हात

२ मार्च

आले एकदाची. खोली लहान आहे, पण खिडकीला कडी लागते आणि नळाला गरम पाणी येतं. याहून जास्त मागणारी माणसं मला आवडत नाहीत. जन्मभर मुलींना रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले आणि आता केक-पावाच्या शाळेत स्वतःच बाकावर बसते आहे. पहिली सत्रं घराजवळच्या वर्गात झाली. शेवटचं सत्र इथे राहून करायचं, मग पदवी. लेक दातांची डॉक्टर आहे आणि तिच्या दवाखान्याखालचा गाळा रिकामा आहे. मी खाली गोड खिलवून लोकांचे दात किडवायचे, तिने वर ते दुरुस्त करायचे, असा घरगुती उद्योग ठरला आहे. जावई म्हणतात, मग पाटी एकच लावा.

खोलीतली सोबतीण विशीतली आहे. सगळे तिला चिमणी म्हणतात. मला आधी ‘काकू’ म्हणाली, मग माझा चेहरा बघून ‘बाई’. चुणचुणीत आहे.

३ मार्च

कामाची खोली पाहिली. संगमरवरी टेबलं, भट्ट्या, ओळीने मिक्सर. एक भिंत पूर्ण काचेची आणि पलीकडे सभागृह. पदवीच्या दिवशी पाहुणे तिथून आमचं काम बघतात म्हणे. कोपऱ्यात चाकांच्या पाटावर मातीचा रांजण आहे. त्यात पावाचं आंबवण, शाळेइतकंच जुनं. त्याला इथे ‘थोरली’ म्हणतात. तिला रोज पीठ-पाणी घालायचं, तेही उघड्या हातांनी, कोपरापर्यंत. अंगठ्या आधी काढायच्या. नंतर हात धुवायचे नाहीत, काठावर निपटून तिचं तिला परत द्यायचं. स्वच्छतेचं काय, असं मी विचारलं. शाळेच्या मुख्य मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तिला तुमच्या हातांचीच चव लागते, बाई. त्या स्वतः मात्र हातमोजे घालतात.

माझी अंगठी साबण लावून निघाली. लेकीची निघणं कठीण. वडिलांनी दिलेली म्हणून ती दवाखान्यातही मोज्याखाली तशीच ठेवते.

११ मार्च

असा पाव माझ्या हातून कधी उतरला नव्हता. वरून कुरकुरीत, आत मऊ जाळी. वर्गात पहिला नंबर. या वयात मी चक्क लाजले.

फोन माझा अंगठा ओळखत नाही. चिमणी म्हणाली, पिठाने रेषा बुजतात. भिंग घेऊन पाहिलं. बुजलेल्या नाहीत. नाहीतच. दहाही बोटं गुळगुळीत, मळलेल्या कणकेसारखी.

१६ मार्च

भट्टीतला तापलेला पत्रा नुसत्या हातांनी बाहेर काढला आणि मला कळलंही नाही. मॅडमनी वर्गासमोर कौतुक केलं.

थोरली कोमट लागते. आंबताना ऊब येते, हे मला कुणी शिकवायला नको. पण आंबवणाला नाडी नसते. आज मी ती मोजली.

१९ मार्च

घरी जायला निघाले होते. बसथांब्यापर्यंत पोचले. हात सुकू लागले. आधी तडे, मग पापुद्रे. पांढरी भुकटी साडीवर गळायला लागली. बॅगेचा बंद धरवेना.

परत आले आणि रांजणात हात बुडवले. बरं वाटलं. किती बरं वाटलं, ते लिहायची लाज वाटते.

२१ मार्च

चिमणीने आज सगळं सांगितलं. पदवीच्या दिवशी घरचं एक माणूस रांजणात हात घालतं. घरचा हात लागल्याशिवाय पदवी नाही. तिच्या ताईच्या वेळी तो हात चिमणीचा होता. त्याच क्षणी ताईचे हात सुटले. चिमणीला मात्र घरी करमेना, हात इकडे ओढायचे. म्हणून तिने इथे नाव घातलं. आता तिच्यासाठी आत्या येणार आहे. आत्याला अशा समारंभांची फार हौस, म्हणाली.

हे सगळं केसांना पिना लावता लावता. तुला करवतं कसं, असं मी विचारलं. ताईला करवलंच की, बाई, म्हणाली.

मला पदवी नको.

२२ मार्च

आंबवण मारायला मीठ आणि उकळतं पाणी पुरतं. शाळेतली पोर सांगेल. सगळे जेवायला गेल्यावर मोठं पातेलं रांजणात ओतलं—

माझे हात. माझे हात भाजले. थोरलीवर साधा फोड नाही. तिकडे जेवणघरात चिमणी ताट टाकून किंचाळली. सगळा वर्ग किंचाळला.

२४ मार्च

हातांना पट्ट्या. पेन कशीबशी धरते आहे.

कार्यालयातून लेकीला फोन केला. येऊ नकोस म्हटलं. ती खो-खो हसली. म्हणाली, आई, जन्मभर पोरींना परीक्षेने रडवलंस, आता तुझी पाळी! रांजणाचं सांगितलं. मग पेशंटशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, झोप होते ना तुझी?

मॅडमनी तिला आधीच कळवून ठेवलं होतं. बाईंना परीक्षेचा ताण झेपत नाही.

२७ मार्च

मॅडमना सांगितलं, पदवी घेणार नाही. मग हात जातील, त्या म्हणाल्या. जाऊ देत, म्हटलं.

त्या म्हणाल्या, हे तुम्ही म्हणता. हातांना विचारलंत का?

३० मार्च

आज पदवी. ठरवलं होतं, लेकीला फाटकातच अडवायचं. हातांनी दार उघडू दिलं नाही. ओढत इथे आणलं, कामाच्या खोलीत.

कणकेत आहेत. निघत नाहीत. मळतात.

वही टेबलावर. पेन्सिल दातांत. तोंड तेवढं माझं उरलंय—

मिक्सर सगळे चालू. ओरडले, घसा फाटेस्तोवर. काचेपलीकडे पाहुणे टाळ्या वाजवतात.

लेक आली. निळी साडी. मी मान हलवते, नाही, नाही. तीही हलवते. पाढा चुकला की मी हलवायचे, अगदी तश्शी. थट्टा करते आहे माझी.

रांजण तिकडे नेला.

चिमणीची आत्या पुढे. चिमणीने कणकेतून हात काढले, झटकले, गेली. वळूनही पाहिलं नाही.

आता लेक. मॅडम अंगठी दाखवतात. ती ओढते. निघत नाही. देवा, निघू नको देऊस—

मॅडमनी साबण आणला.

निघाली.

हसते आहे माझ्याकडे बघून. पदर खोचला. कोपरापर्यंत—

अक्षर सरळ येतंय. कसं काय सर—

पेन्सिल हातात आहे. माझ्या हा—