खोलीचा आवाज

१९ जानेवारी २०१२
महोत्सवाचं पत्रक आलं. तीन दिवस, सगळे सिनेमे बायकांनी केलेले. आमच्या चारुलताचा रविवारी, २९ तारखेला, सकाळी अकराला. ही समोरच्या ब्लॉकमधली, सिनेमाचं शिकून आलेली. मागच्या पावसाळ्यात सहा दिवस माझ्या घरात कॅमेरा लावून बसली होती. विषय मी. सातवी शिकलेली बाई लायब्ररीच्या कार्डावर वाचक कशी झाली, हा. तसं तिने सांगितलं नाही, पण दुसरं काय असणार.
सिनेमाचं नाव छापलंय ‘पाच चाळीस’. छपाईची चूक. नावाच्या जागी वेळ पडली, आणि वेळही चुकीची. सांगायला हवं.

२० जानेवारी
श्रीपतभाऊजींचा पुण्याहून फोन. हे गेल्याला चार वर्षं झाली, धाकट्या दिराचं पालुपद तेच. वहिनी, बडोद्याचा फ्लॅट विका, आमच्याकडे या, एकटीने तिथे काय करायचं. म्हटलं, आधी सिनेमा बघायला या, मग बोला. एकटी बाई कशी ताठ राहते, ते पडद्यावर बघितलं की विषय बंद होईल. कॅमेऱ्यापुढे सहा तास तरी बोलले असेन, एकदाही डोळ्यांत पाणी नाही.

२२ जानेवारी
सिनेमानंतर चर्चा असते. भाषण लिहायला घेतलं. पहिलं पान वाचनावर. दुसरं ‘विधवा म्हणजे बिचारी’ या समजावर. ह्यांच्याबद्दल एकच वाक्य, असं ठरवलंय.
दुसरं पान जरा वाहवलं. ह्यांचा डबा, ह्यांचं पेपरामागून ‘हां’ म्हणणं. खोडायचं. तिथे लिहायचं की
रिफायनरीची बस आली. उद्या बघू.

२४ जानेवारी
चारुलताला चूक दाखवली. म्हणाली, काकू, नाव बरोबर आहे, बघाल तुम्ही. विचारलं, माझं वाचनाचं सगळं घेतलंस ना? म्हणाली, काकू, एडिटमध्ये खूप जातं. म्हटलं, थोडं गेलं तरी चालेल, सहा तासांचं आहे. पोर घाबरलेली दिसली. धीर दिला.
खरं तर तिला कापायला जागाच ठेवली नाही मी. रोज संध्याकाळी आवरताना ती एक मिनिट गप्प बसायला सांगायची. खोलीचा नुसता आवाज लागतो म्हणे, पंख्याचा, रस्त्याचा. तेवढं मिनिट सोडून मी बोलतच होते.

२७ जानेवारी
शेजारच्या निरुपमाबेन येणार आहेत. मला आता हिरॉइनबेन म्हणतात. दोन रुमाल घ्या म्हणाल्या. म्हटलं, रडण्यासारखं त्यात काही नाही. म्हणाल्या, एक माझ्यासाठी हो, मी तर जाहिरातीला पण रडते.
दुसरं पान अजून खोडलेलं नाही.

२८ जानेवारी
भाऊजी आले. कपाट उघडून ह्यांचे इस्त्रीचे शर्ट बघत उभे राहिले. म्हणाले, वहिनी, हे अजून? म्हटलं, कपाटात जागा आहे.

२९ जानेवारी, दुपार
बावीस मिनिटांचा सिनेमा. माझा एक शब्द नाही.
पुस्तक एकदा दिसलं, मांडीवर, मिटलेलं. बाकी भांडी, गॅलरी, माझे हात. आणि शेवटी ती गप्प बसायची सहा मिनिटं. सहा संध्याकाळी, सहा साड्या. मी खुर्चीत. पंखा. बाहेर बसचा ब्रेक लागतो. माझी मान दाराकडे वळते. जिन्यात पावलं येतात, वर निघून जातात. मान परत येते. सहाच्या सहा वेळा. तिसऱ्या दिवशी तर मी अर्धी उठले, पदर नीट केला आणि पुन्हा बसले. कॅमेरा चालू होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
हे त्या बसमधून पाच चाळीसला उतरायचे.
दिवे लागले. माइक हातात दिला. भाषण पर्समध्ये. मी म्हटलं, खुर्ची उजेडासाठी दाराजवळ ठेवलेली असते. टाळ्या पडल्या. निरुपमाबेनना दोन्ही रुमाल लागले.
चारुलता पाया पडली. आशीर्वाद दिला नाही. मी बोलत होते तेव्हा कॅमेऱ्यामागून मान डोलवत होती, ‘हां काकू, हां’. एकतीस वर्षं पेपरापुढे बोलले, सहा दिवस काचेपुढे. ऐकलं कोणीच नाही. पेपराने निदान माझं गप्प बसणं लोकांना दाखवलं नाही.
रिक्षात भाऊजी एवढंच म्हणाले, पुण्याची खोली तयार आहे.

३० जानेवारी
सिनेमा म्हणजे कापाकापी, हे भाऊजींना दाखवून द्यायचं ठरवलं. साडेपाचलाच खुर्ची फिरवली, दाराकडे पाठ. पुस्तक उघडलं. भाऊजी समोर सोफ्यावर, गाडीची वेळ व्हायची होती.
बस आली. मी मान वळवली नाही. भाऊजींनी दाराकडे बघितलं.
पावलं जिना चढत होती. पुस्तकातून डोळे न काढता म्हटलं, ते तिसऱ्या मजल्यावरचे आहेत, त्यांचा डावा पाय जड पडतो.
भाऊजी म्हणाले, वहिनी, तिकडेही तुमची खुर्ची दाराजवळच ठेवू.
म्हटलं, तिथे बस कुठे येते.
तोंडातून निघून गेलं. भाऊजींनी बॅग उचलली, वाकून नमस्कार केला, निघाले.
पुस्तकाचं ते पान पुन्हा वाचायला लागेल. खुर्ची दाराकडे फिरवून ठेवली. उजेडासाठी. बाहेर अंधार पडला होता, पण उद्या लागेल.