आमचं पक्षांतर

३ जून, सकाळी
आजपासून रोजनिशी. पुढे इतिहासकारांची पंचाईत नको. आम्ही नगरपालिकेवर निवडून येऊन दीड वर्ष झालं. तांत्रिकदृष्ट्या जागा महिलांसाठी होती, त्यामुळे नाव बायकोचं. बाकी भाषणं माझी, जाकीट माझं, फ्लेक्सवर फोटोही माझाच मोठा. ही फक्त घरोघरी फिरली.

५ जून
चिमटा पक्षात माझी घुसमट होते. (आमची निशाणी चिमटा. समोरच्यांची झारी.) आज बैठकीत मला खुर्ची दिली, पण खांबामागे. मी दोनदा टाळ्या वाजवल्या, कोणाला दिसल्याच नाहीत. शुक्रवारी नगराध्यक्ष निवडायचाय. चिमट्याकडे झारीपेक्षा एकच मत जास्त. ते एक मत फिरलं की खेळ खलास. ते कोणाच्या हातात आहे? माझ्या!

६ जून
झारीच्या अध्यक्षांनी चहाला बोलावलं. आलात तर बांधकाम समिती तुमची, म्हणाले. केबिन, गाडी, दारात शिपाई. मी विकाऊ नाही असं कडक शब्दांत सुनावलं. मग केबिनला एसी आहे का ते विचारलं.

७ जून
तत्त्वाचा विचार केला. मुदतीच्या मध्येच पक्ष बदलावा का? का बदलू नये! माणूस नोकरी बदलतो, घर बदलतो, न्हावी बदलतो.
ही भाजी निवडत होती. म्हणाली, न्हावी खुशाल बदला, डोकं तुमचं आहे. मतं लोकांची आहेत. शाळेच्या गल्लीत दिवे लावीन असं मी दारोदार सांगितलंय. झारीवाल्यांनी गोंधळ घालून तो ठराव दोनदा अडवला, आता त्यांच्यात जाऊन बसू? अंधारातून पोरींना आणायला जाणाऱ्या बायका मला काय म्हणतील?
मी म्हटलं, अगं, बांधकाम समिती मिळाली की दिवेच दिवे! ही भाजी उचलून आत गेली. म्हणजे होकार. हिला व्यापक राजकारण कळत नाही, पण समजावलं की समजतं.

९ जून
जाहीर प्रवेश! पुष्पगुच्छ, फोटो, गळ्यात झारीचा पट्टा. भाषणात म्हणालो, आज मी एकट्याने नाही, माझ्या अख्ख्या प्रभागाने प्रवेश केलाय. टाळ्याच टाळ्या. अध्यक्षांनी हळूच विचारलं, वहिनी दिसत नाहीत? मी म्हटलं, आमच्यात एकमत असतं.
घरी आल्यावर मुलीने विचारलं, बाबा, आईला सांगितलंत का? म्हटलं, पेपरात येईलच.

१० जून, शुक्रवार
हात वर करून मतदान. झारीच्या उमेदवाराचं नाव पुकारलं आणि मी प्रेक्षकांच्या बाकावरून ताठ हात वर केला. शिपाई धावत आला आणि बाथरूम उजवीकडे आहे म्हणाला.
खाली सभागृहात ही बसली होती. हिने हात वर केला तो चिमट्याला. नुसता वर नाही, चांगला कानाला लावून. चिमटा जिंकला. दिव्यांचा ठराव मंजूर झाला. बांधकाम समितीही जाहीर झाली. हिच्या नावाने!
झारीचे अध्यक्ष जिन्यात भेटले. म्हणाले, मग काल आमच्यात नक्की आलं कोण? मी म्हटलं, मी. त्यांनी कपाळाला हात लावला. तुमचं मी काय करू, म्हणाले.

१२ जून
झारीत माझी घुसमट होते. चिमट्याच्या कार्यालयात जाऊन मोठ्या मनाने परत यायची तयारी दाखवली. ते म्हणाले, आमची ना नाही, पण प्रभागाच्या नगरसेविकेची शिफारस आणा.
सोपं आहे. घरचंच काम.

१४ जून, सकाळी
आमच्याच हॉलमध्ये लोकांच्या रांगेत बसलो. माझ्या पुढे तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन दूधवाला. त्याचं हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी.
मी सविस्तर भूमिका मांडली. ही म्हणाली, मुदत संपायच्या आत पक्ष सोडणं बरं दिसत नाही. त्या लोकांनी विश्वासाने घेतलंय तुम्हाला. पुढच्या निवडणुकीपर्यंत तिथेच राहा, मग बघू.
मी म्हटलं, अगं, नवरा आहे मी तुझा! ही म्हणाली, म्हणून तर चहा दिला. आणि जाता जाता पुढच्याला आत पाठवा.
पाठवलं.